एकटीनं वाजवायला अवघड

परवा काष्टीच्या बाजारात शाळूची हिरवी कणसं दिसली. एका बाईनं पोतं अंथरून त्यावर जुड्या मांडल्या होत्या. मी एक जुडी उचलून नाकाशी धरली, तशी ती हसली. "घ्या की मॅडम, कवळी हायेत. दान्यात दूध हाय आजून." भाजायला माझ्याकडे शेणकुटांची आगटी नाही, क्वार्टरच्या गॅसवर हुरडा भाजणं म्हणजे हुरड्याचा अपमानच, तरीही मी दोन जुड्या घेतल्या. घरी आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि हातपाय न धुताच भिंतीवरचं युकुलेले काढलं. आतून मिस्टर म्हणाले, "आली का सुगी अंगात?"

आली. गेल्या वर्षापासून माझ्या डोक्यात हुरडा आणि युकुलेले एकाच दावणीला बांधलेत. हिरव्या कणसाचा वास आला की बोटं तारा शोधायला लागतात.

तसं हे वाद्य माझं नाही. ते माझ्या मुलीचं. ती पुण्याला शिकायला गेली, हॉस्टेलच्या खोलीत जागा नाही म्हणून ते इथे ठेवून गेली आणि जाताना म्हणाली, "आई, याच्यावर धूळ बसू देऊ नकोस." मी गणिताची शिक्षिका. सांगितलेलं काम नेमानं करणारी. रोज धूळ पुसायची. पुसता पुसता एक दिवस तारेला बोट लागलं आणि फुटाणा उडाल्यासारखा टुणकन आवाज आला. मी इकडेतिकडे बघितलं. पुन्हा एकदा बोट लावलं. त्या दिवसापासून मोबाईलवरचे व्हिडीओ बघून मी शिकायला लागले. पन्नाशीला आलेली बाई चार तारांच्या खेळण्याशी झटापट करतेय हे पाहून शेजारच्या वहिनींनी सुरुवातीला फार काळजी केली. नंतर त्याच म्हणायला लागल्या, "ती तुमची पिटुकली गिटार आणा की भिशीला."

पिटुकली म्हणून नावं ठेवू नयेत, पण तिच्या मर्यादा आहेत. गिटारीला वरची तार जाड असते, तिथून खर्ज येतो. हिची वरची तारही बारीक. म्हणजे पोरगं चारही बाजूंनी हसरं, पण भारदस्त आवाजात बोल म्हटलं की त्याला जमायचं नाही. शिवाय सूर लगेच विझतो. छेडला न छेडला तोच गेला. त्यामुळे काही गाणी हिच्यावर एकट्यानं वाजवून म्हणायला फार अवघड जातात. कोणती, याचा मी गेल्या दोन-तीन वर्षांत चांगलाच अभ्यास केलाय, आणि शाळेत शिकवलेल्या कुठल्याही धड्यापेक्षा मला त्यात जास्त मजा आली.

अंगाईचंच घ्या. शब्द साधे, चाल साधी. पण शेजारच्या वहिनींच्या नातीला झोपवायला गेले तेव्हा लक्षात आलं की युकुलेले छातीशी धरावं लागतं आणि बाळही छातीशीच धरावं लागतं. देवानं बाईला छाती एकच दिलीय. बाळाला खाली ठेवून वाजवलं तर ते टक्क जागं होऊन तारांकडे बघत बसलं, आणि मग त्याला झोपवायला आजीलाच उठावं लागलं.

आरतीची गोष्ट निराळी. गणपतीत आमच्या कॉलनीत सगळे मिळून आरती म्हणतात, म्हणजे प्रत्येक जण आपापली आरती एकाच वेळी म्हणतो. पुढचे काका घाईत, मागच्या काकू निवांत, पोरांना फक्त शेवटचा शब्द पाठ. या सगळ्यांना एका तालात बांधावं म्हणून मी वाजवायला उभी राहिले, तर माझं कडवं संपलं तेव्हा मागच्या काकू मधल्या ओळीत होत्या. बरं, टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात, ते माझे अडकलेले. प्रसाद घेतानासुद्धा मला तोंड पुढे करावं लागलं.

आणि हळदीची गाणी! मामेबहिणीच्या मुलीच्या हळदीला बायका जात्याभोवती बसून गायला लागल्या. मी त्यांचा सूर धरायला गेले. एक सूर धरला, तो डावीकडच्या मामीचा निघाला. उजवीकडच्या मामीचा वेगळा. नवरीच्या आत्याचा तर त्या खोलीतला नव्हताच. तरी ते गाणं काय गोड लागत होतं म्हणून सांगू! मी वाद्य पिशवीत घातलं आणि मांडी घालून त्यांच्यात बसले. जिथं चार सूर एकदम लागतात आणि कुणाचंच बिनसत नाही, तिथं एकटं वाजवणाऱ्यानं लुडबुड करू नये हे मला तेव्हा कळलं.

पण या सगळ्यांपेक्षा अवघड गाणं नानांचं. नाना म्हणजे माझे वडील.

आमची वस्ती नगर जिल्ह्यातल्या कर्जतच्या पुढे, डांबरी सोडून आत. आई गेल्यापासून नाना तिथे एकटे राहतात, सोबतीला एक म्हैस आणि शाळूचं रान. लहानपणापासून मी त्यांच्या तोंडून एक गाणं ऐकत आलेय. म्हशीची धार काढताना, दाव्याला पीळ देताना, अंघोळीचं पाणी तापेपर्यंत चुलीपुढे बसल्यावर ते गुणगुणायचे.

"बैल माझा गेला गं डोंगराच्या आड..."

मग नुसती धारेची चुळचुळ ऐकू यायची. मग,

"शाळू माझा वाळला गं उन्हाच्या भरात..."

पुन्हा गप्प. आणि मग,

"वाट माझी बघतंय गं दारात कोनी..."

काय गाणं आहे! गेलेला बैल, वाळलेलं पीक, दारात वाट बघणारं कुणीतरी. युकुलेले जरा हातात बसल्यावर मी हेच गाणं बसवायला घेतलं. उदास सुरावटी शोधून काढल्या. मधल्या रिकाम्या जागा भरायला तारा एकेक करून हळूहळू छेडल्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात शिक्षकांच्या कार्यक्रमात म्हटलं, तर मराठीचे सर उठून म्हणाले, "काय आर्तता आहे हो!" चित्रकलेच्या बाईंनी पदरानं डोळे टिपले. मलाही भरून आलं. आपला बाप केवढं दुःख गिळून म्हशीखाली बसत होता आणि आपल्याला पत्ताच नव्हता, असं वाटून मी त्या रात्री त्यांना फोन केला. ते म्हणाले, "जेवली का? आता झोप." फोन ठेवून दिला.

गेल्या वर्षी माघात विलासचा फोन आला. विलास माझा धाकटा भाऊ, पुण्याजवळ एका कंपनीत आहे. जीव लावणारा पोरगा, पण काळजी करायला लागला की त्याला आवर घालणं अवघड.

"ताई, नानांचं काही खरं नाही. परवा मोटर रात्रभर चालू राहिली, अर्धं रान चिखल. माझ्या चिनूला मधूनच तुझ्या पोरीच्या नावानं हाक मारतात. चहात मीठ टाकलं म्हणे. आणि आता गाणंसुद्धा विसरायला लागलेत. तूच बघ जाऊन. ही सुगी झाली की मी त्यांना इकडे घेऊन येणार, रान वाट्यानं देऊन टाकू."

"त्यांना विचारलंस?"

"विचारून काय करू? नाहीच म्हणणार ते."

मी रजा टाकली आणि एसटीनं वस्तीवर गेले. सोबत युकुलेले. नानांनी ते खाटेवर ठेवलेलं पाहिलं, उलटंपालटं केलं, आतल्या भोकात डोकावून बघितलं.

"तुनतुनं व्हय?"

"तसंच समजा."

"तुनतुन्याला येक तार आसती. तुज्याला चार. तीन जास्तीच्या कशापायी?"

माणूस भरकटलेला वाटत नव्हता मला. गोठा लख्ख होता. पाण्याचा रांजण भरलेला होता. सकाळी त्यांनी केलेला चहा मी जपून चाखला, मीठ नव्हतं. पण काळजीचं असं असतं की ती एकदा कानात पडली की डोळ्यांना तेच दिसायला लागतं. चष्मा कपाळावर ठेवून नाना चष्मा शोधायला लागले की मी मनातल्या यादीत एक खूण वाढवायचे. मी स्वतः शाळेत आठवड्यातनं दोनदा हेच करते, ते मात्र मला तेव्हा आठवायचं नाही.

ती सुगी फार देखणी होती. शाळू कमरेच्या वर, कणसं मोत्यांनी भरल्यासारखी टपोरी. सकाळच्या थंडीत पानांवरून ओघळलेलं दव साडीचा काठ भिजवायचं. बांधाच्या बोरीखाली पिवळी बोरं सांडलेली. हरभऱ्याचा डहाळा हातात घेऊन खात खात मी रानभर हिंडायचे आणि आंबट झालेली बोटं चाटायचे. दुपारी पाखरं हाकायला नाना माचणावर चढले की मीही चढायचे. तिथं बसून वाजवलेलं युकुलेले पाखरांना फार आवडायचं. ती उडून न जाता जवळ यायला लागली, तेव्हा नाना म्हणाले, "कुंदे, ते तुनतुनं खाली ठिव. राखन करायला बसलोय, जेवान घालायला न्हाई."

एका संध्याकाळी धार चालू असताना मी गोठ्याच्या मेढीला टेकून त्यांच्या गाण्याला साथ धरली. त्यांनी पहिली ओळ म्हटली. थांबले. मी तारा छेडत राहिले. त्यांनी मान वर केली, जरा त्रासिक बघितलं आणि पुन्हा पहिली ओळ म्हटली. पुन्हा थांबले. त्यांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे, बांधाकडे गेली. ओठ थोडे उघडे. कुठलीतरी वस्तू ठेवून विसरलेला माणूस उभा राहतो तसे ते बसले होते.

"नाना, पुढे?"

"पुढलं माज्याकडं नसतंय," ते म्हणाले, आणि कासेकडे वळले.

माझ्या हातून तारा सुटल्या. विलास म्हणाला ते खरं होतं तर. पुढचं त्यांच्याकडे नाही. म्हणजे होतं आणि गेलं. बैल गेला, शाळू वाळला, आणि आता गाणंही चाललं. मी अंधारात परसाकडे जाऊन रडून आले. येताना डोळे पुसले, तर हाताला हरभऱ्याची आंब. डोळे चुरचुरले आणि आणखी पाणी आलं. नानांनी कंदील वर धरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लाल डोळं कशानं? आंब लागली आसंल. पान्यानं धू." त्या रात्री मी विलासला मेसेज केला, की सुगी संपायची वाट बघू नकोस, रविवारीच गाडी घेऊन ये.

इथे जरा इर्जिकीबद्दल सांगायला पाहिजे. आता आमच्याकडे शाळूची काढणी उक्ती देतात. टोळी येते, काढते, जाते. माझ्या लहानपणी मात्र इर्जिक असायची. आज तुमच्या रानात सगळ्या वस्त्या येणार, उद्या माझ्या रानात. मजुरी नाही, फक्त पोटभर जेवण. शाळू उपटायचा, तोही हातानं. आपापल्या पट्ट्याला पात म्हणायचे. इकडून आमची पात, पलीकडच्या बांधाकडून बायकांची, मध्ये उभं पीक, आणि दोन्ही पाती एकमेकींकडे सरकत यायच्या. मी नानांच्या मागे पेंढ्या गोळा करायला असायचे. त्या उभ्या पिकाच्या पलीकडून वाऱ्यावर बायकांचा कलकलाट यायचा, हसण्याच्या लाटा यायच्या, शब्द मात्र कळायचे नाहीत. मला वाटायचं, तिकडे काहीतरी गंमत चाललीय आणि आपण चुकून नीरस पातीत सापडलोय.

रविवारी विलास आला. चिनू आणि तिची आई सोबत. त्यानं नानांचे कपडे एका बॅगेत भरले, बॅग गाडीच्या डिकीत ठेवली. नाना गोठ्यात गेले. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत बराच वेळ उभे राहिले. निघायच्या आधी हुरडा खाऊ, असं ठरलं. विलासनं बांधाशी खड्डा करून आगटी पेटवली. आजूबाजूच्या वस्तीवरची चार माणसं आली. लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, ताजं दही. भाजलेलं कणीस हातावर चोळलं की तो हिरवा गरम दाणा तळहातावर सांडतो, आणि मग जिभेला चटका बसेपर्यंत कुणाला दम निघत नाही. एवढ्या दुःखातसुद्धा मी भरपूर खाल्ला, हे सांगायला हवं.

तेवढ्यात पलीकडच्या बांधावर सोजरकाकी दिसल्या. आमच्या रानाला लागून त्यांचं रान. नानांपेक्षा दोन-चार वर्षांनीच लहान असतील. गेले दोन महिने त्यांच्या घराला कुलूप होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला त्या नगरला मुलाकडे गेल्या होत्या, त्या कालच परतल्या होत्या. नऊवारी, डोक्यावर पदर आणि डोळ्यांवर भलामोठा काळा गॉगल. चिनू तर बघतच राहिली.

"या की काकी, हुरडा खायला," मी हाक मारली.

"हितंच बसते बाई. डागदरानं सांगितलंय, धुरात जायचं न्हाई." असं म्हणून त्या तिकडेच, शाळूच्या पलीकडे, त्यांच्या उंच बांधावर बसल्या. त्यांचा वाटा द्रोणात घालून चिनूच्या हाती पाठवला.

कुणीतरी म्हणालं, "कुंदाताई, वाजवा की तुमचं ते." मी वाजवायला घेतलं. दुसरं कुठलंच गाणं सुचेना. नानांचंच सुचलं. सगळ्या उदास सुरावटी हाताशी घेऊन मी हळूहळू सुरुवात केली, आणि मला कंठ फुटायच्या आत नानांनीच ओळ उचलली. आगटीकडे बघत, कुणासाठी नाही असं.

"बैल माझा गेला गं डोंगराच्या आड..."

ते थांबले. विलासनं माझ्याकडे बघितलं. बघ, म्हटलं ना तुला, असं ते बघणं होतं. मी मान खाली घातली.

आणि शाळूच्या पलीकडून, वाऱ्यावर, चिरका पण ठणठणीत आवाज आला.

"तुजं त्वांड बघून पळाला, त्याचा नाद सोड!"

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. नानांना मात्र कळलं. त्यांना आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. कालच थांबलेलं काम आज पुढे चालू करावं तसे ते सरसावले, गुडघ्यावर हात टेकून उभेच राहिले आणि मोठ्यानं म्हणाले,

"शाळू माझा वाळला गं उन्हाच्या भरात!"

"रान सोडून झोपला हुता दिसभर घरात!"

आगटीभोवतीची माणसं खो खो हसायला लागली. चिनू दोन बांधांमध्ये उभी राहून इकडे बघू की तिकडे बघू करत होती. माझ्या उदास सुरावटी केव्हाच कोलमडल्या होत्या. मी घाईघाईनं हसऱ्या सुरांवर उडी मारली, बोटं फटाफट खालीवर केली, तरी मी मागेच. त्या दोघांची गाडी पुढे.

"वाट माझी बघतंय गं दारात कोनी!"

"म्हस तुजी बघती वाट, पाज तिला पानी!"

हसता हसता माझ्या पोटात कळ आली. म्हैस! दारात वाट बघणारी ती व्यक्ती म्हैस होती! आमच्या चित्रकलेच्या बाई म्हशीसाठी रडल्या होत्या! आणि मी? मीही. इतकी वर्षं मी जिला विराणी समजत होते ते बायकांच्या पातीनं पुरुषांच्या पातीची उडवलेली टर होती. पुरुषांनी गळे काढायचे आणि बायकांनी पलीकडून त्यांना जमिनीवर आणायचं. मी आयुष्यभर अर्धंच गाणं ऐकलं होतं, तेही रडक्या बाजूचं.

विलासनं लावलेली कणसं आगटीत कोळसा झाली. त्याचं लक्षच नव्हतं. तो नानांकडे बघत होता, कारण नानांनी आता शेवटची ओळ घेतली होती, आणि ती मी कधीच ऐकली नव्हती. बहुतेक ती धार काढताना म्हणायची नसावी.

"जीव माझा लागंना गं एकल्या रानात..."

सगळे थांबले. आता काय टोला येतोय म्हणून आम्ही कान टवकारून बांधाकडे बघत होतो. काकींनी गॉगल सारखा केला.

"आमी हाय की बांधाला, ठिव की ध्यानात!"

त्यावर कुणी हसलं नाही. नानांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि खाली बसले. तिकडून काकी साध्या आवाजात म्हणाल्या, "दम लागला बाई." मग नाना ओरडून म्हणाले, "दोन म्हैनं झालं सोजरबाई, गानं अर्ध्यावर पडलंय माजं."

"आले न्हवं आता," काकी म्हणाल्या. मग त्यांनी विलासला हाक मारली. "कुटं घिऊन चाललाय रं बापाला? मोटर ऱ्हाती चालू, येवढंच न्हवं? आता मला समदं दिसतंय. मोटरीचा दिवा माज्या वट्यावरनं दिसतोय. वस्तीवरच्या येकाद्या पोराला सांगून बंद करीन की."

 जळलेली कणसं विलासनं काडीनं बाजूला केली, नवी लावली. नंतर उठून गाडीकडे गेला, डिकी उघडली आणि बॅग माझ्या हातात देत म्हणाला, "ताई, आत खुंटीला अडकव. आणि मला ते गाणं एकदा रेकॉर्ड करून दे." मी बॅग अडकवली. येताना म्हशीला पाणी पाजलं, कारण तिचं खरोखरच राहिलं होतं.

मग मी नानांपाशी बसले. "इतके दिवस सांगितलं का नाही, की पुढचं सोजरकाकींकडे असतं म्हणून?"

"सांगितलं की. पुढलं माज्याकडं नसतंय म्हनलं."

"पण तुम्हाला पाठ असेल ना? इतकी वर्षं ऐकलंत. तुम्हीच म्हणायचं पुढचं."

नानांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी जणू त्यांना शेजाऱ्याची म्हैस सोडून आणायला सांगितलं होतं.

"पाठ हाय. पन ते त्यांचं हाय. आपुन कसं म्हनावं?"

आजही चार तारा जुळवताना मला हे वाक्य आठवतं आणि आनंदानं उगाच हसू येतं. माणूस विसरला म्हणून थांबत नव्हता. दुसऱ्याची जागा दुसऱ्याला ठेवून थांबत होता. चहात मीठ मात्र त्यांनी खरंच टाकलं होतं, ते त्यांनी नंतर कबूल केलं. डबे सारखे होते. विलासनं दोन रंगांचे आणून दिले, तेव्हापासून चहा गोड आहे.

रजा संपवून शाळेत गेल्यावर मी मराठीच्या सरांना गाणं पूर्ण ऐकवलं. दोन्ही बाजू मीच म्हटल्या. ते हसले, पण मला काहीतरी खटकलं. नानांची ओळ संपते न संपते तोच मला काकींची म्हणावी लागत होती. टोला द्यायचा तो समोरच्याला, मी माझाच मला देत होते. बोटं चुकली नाहीत, सूर चुकला नाही, तरी गाणं हातावर चोळलेल्या पण न फुंकलेल्या हुरड्यासारखं तोंडात कचकच करत राहिलं. त्यानंतर मी ते कुणाला असं ऐकवलं नाही.

यंदा पुन्हा शाळू कमरेवर आलाय. गेल्या आठवड्यात नानांचा फोन आला. मागून म्हशीच्या घंटेचा आवाज येत होता.

"कुंदे, कवा येतीस? सोजरबाईला दम पुरंना. म्हनत्यात, माजी बाजू कुंदीला देते. तू तिकडच्या बांधाला बसायचं."

"माझ्याकडे? तिकडची बाजू?"

"त्येंनीच सांगितलंय. तुनतुनं आन. पन पाखरांना जेवू घालू नगंस."

लहानपणी मी ज्या कलकलाटाकडे आशेनं बघायचे त्या पातीत मला जागा मिळाली. मिस्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे आता तू तुझ्या बापाला टोमणे मारायला रजा काढणार." हो, काढणार. अर्ज दिलासुद्धा. काकींनी फोनवरून एकेक उत्तर पुन्हा म्हणवून घेतलं माझ्याकडून, आणि 'नाद सोड' म्हणताना मान कशी उडवायची तेही सांगितलं, जणू फोनमधून त्यांना ती दिसणार होती.

तर काल संध्याकाळी गॅसवर हुरडा भाजायचा प्रयोग फसल्यावर मी स्वयंपाकघरातच युकुलेले घेऊन बसले आणि माझी बाजू घोटायला लागले. तेवढ्यात मुलीचा व्हिडीओ कॉल आला. तिला म्हटलं, ऐक. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. वाजवायला सुरुवात केली आणि जिथं नानांची ओळ यायची, तिथं तारांवर तळवा ठेवून गप्प राहिले. त्यांना लागतो तेवढा वेळ जाऊ दिला. खिडकीतून उसाची एक ट्रॉली कुरकुरत गेल्याचा आवाज आला. मग माझं उत्तर ठणकावून म्हटलं, मान उडवून. पुन्हा तळवा ठेवला. पुन्हा थांबले.

पोरगी स्क्रीनच्या अगदी जवळ आली. तिच्या कपाळावर मला विलासची काळजी दिसली.

"आई, काय झालं? पुढचं विसरलीस का?"

"नाही गं," मी म्हटलं. "पुढलं माझ्याकडं नसतंय."